एकसष्टांचे पाच साक्षीदार

बेकरीवाल्याचं तिसरं बोट मोडलं तेव्हा तो अंगठा द्यायला तयार झाला. अंगठा तेवढा मुद्दाम शाबूत ठेवला होता. मुकादमाच्या माणसांना पक्कं पढवून पाठवलं होतं, की त्या यंत्राला मालकाचा जिवंत, गरम अंगठा लागतो. तोडून आणलेला चालत नाही. म्हणून त्यांनी करंगळीपासून सुरुवात केली आणि घाई अजिबात केली नाही. बेकरीवाला धिप्पाड माणूस, पन्नास किलो पीठ एकटा मळणारा. तो हुंदके देत होता आणि दर हुंदक्याला "माफ कर मला" म्हणत होता. कुणाला म्हणतोय ते वायरमनला बरोबर कळत होतं.

वायरमन स्वतःच्याच खोलीत, स्वतःच्याच खुर्चीला, स्वतःच्याच दुकानातल्या वायरने बांधलेला होता. सकाळचे साडेअकरा वाजले होते. दाराशी शिंपीणबाई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या हाताला तिच्याच इस्त्रीचा चटका दिलेला. कातडी सोलून निघाली होती आणि ती त्यावर फुंकर मारत होती. तोंडात बोळा होता तोवर ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. तिने अंगठा द्यायचं कधीच कबूल केलं होतं. दोघं झाले. तिसरा वायरमन.

आता हे अंगठे म्हणजे काय भानगड, ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

टेकडीच्या उतारावर वस्ती, तीनशे चौऱ्याऐंशी घरं. घरांचे कागद होते ते कचेरीच्या आगीत गेले. ती आग लागली की लावली, यावर आजही लोक तावातावाने भांडतात. तर कागद गेल्यावर वस्तीने स्वतःची नोंद ठेवायला घेतली. कोणतं घर कुणाचं, कुणी कुणाला दिलं, बाप गेल्यावर कुणाच्या नावावर झालं, सगळं एका ब्लॉकचेनवर, म्हणजे एकाच वेळी बऱ्याच मशीनांत लिहिल्या जाणाऱ्या वहीत. वस्तीत तिला नुसतं साखळी म्हणायचे. साखळीवर एकदा नोंद चढली की ती कुणाच्या बापाला खोडता येत नाही. कोर्टानेही ती पुरावा म्हणून मानली, आणि तेव्हापासून माणसं बिनघोर झोपायला लागली.

नोंद चढवायला साक्षीदार लागतात. एकसष्ट घरांत एकसष्ट मशीनं ठेवलेली, त्यातल्या एकेचाळीस जणांनी अंगठा दिला की नोंद पक्की. सुरुवातीला झकास चाललं. मग वस्ती वाढली. भाडेकरू आले, पोटभाडेकरू आले, माळ्यावरच्या खोल्या झाल्या, लोक नळाची पाळीसुद्धा साखळीवर टाकायला लागले. दिवसाला पाचशे नोंदी यायच्या आणि शंभर चढायच्या. कुणाकडे वीज नाही, कुणी कामावर गेलेला, कुणी नुसताच लोळत पडलेला. एकेचाळीस अंगठे जमता जमता दुसरा दिवस उजाडायचा. पाळीची नोंद न चढल्यामुळे नळावर दोन डोकी फुटली.

वायरमनचं टाळकं सरकलं. वस्तीतल्या सगळ्या तारा त्यानेच ओढलेल्या, मशीनंही त्यानेच बसवलेली, म्हणून शिव्याही त्यालाच पडायच्या. "एक ना धड भाराभर चिंध्या," तो म्हणायचा. "एकसष्ट कशाला? पाच ठेवा. पाचांपैकी तीन अंगठे, विषय संपला."

त्याला नडले ते भाऊजी. ताईचा नवरा, धंद्याने गवंडी. आईबाप गेल्यावर वायरमनला यांनीच घरात ठेवून घेतलं, कामाला लावलं, आणि त्या हक्काने जेवताना रोज त्याची खेचली. त्या विषयावर मात्र भाऊजी थट्टा करत नव्हते.

"मेहुणेबुवा, एकसष्ट विटांची भिंत असली तर चार निखळल्या तरी उभी राहते," ते म्हणाले. "पाच विटांची भिंत बघितलीय का कुठे?"

"भिंत नाही हो, तार आहे ती. तारेला जितके जोड जास्त तितका भानगडीला वाव जास्त. जगात जितक्या साखळ्या आहेत त्या सगळ्यांचं हेच रडगाणं. हजारो साक्षीदार ठेवले की मुंगीच्या पावलाने चालतात, मूठभर ठेवले की धावतात."

"धावतात खऱ्या. पण मूठभर असलेलं मुठीत येतं ना."

"अहो, पाचामुखी परमेश्वर म्हणतात. एकसष्टामुखी कुणी म्हटलंय का?"

ताई वाढता वाढता हसली. वायरमनला वाटलं, जिंकलो. भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले, "परमेश्वराला कुणी दांडकं घेऊन मारायला येत नाही. साक्षीदाराला येतात."

सभेत शेहेचाळीस जणांनी वायरमनच्या बाजूने अंगठा दिला. म्हणजे बघा, त्यातल्या बहुतेकांनी स्वतःचीच साक्ष स्वतःच्या हाताने काढून टाकली, वर टाळ्या वाजवल्या. कटकट गेली ना एकदाची. भाऊजींनी अंगठा दिला नाही, पण रडीचा डावही खेळले नाहीत. दुसऱ्या दिवशी फळीवरचं मशीन उतरवून, पुसून, वायरमनच्या हातात आणून दिलं.

इथवर ठीक होतं. पण शहाण्याला हुरूप आला की तो थांबत नाही. पाच साक्षीदार पाच टोकांना राहिले तर निरोप जायला यायला वेळ लागतो, म्हणून वायरमनने पाचही मशीनं एकाच गल्लीत आणली. निवडलीच माणसं त्या गल्लीतली: बेकरीवाला, शिंपीणबाई, दवाखान्यातली नर्स, म्हातारा ट्रक ड्रायव्हर आणि तो स्वतः. एका दारापासून पाचव्या दारापर्यंत ऐंशी पावलं. मधून एकच जाड तार, त्याने स्वतः ओढलेली. नोंद दोन सेकंदांत चढायला लागली. लोकांनी त्याला डोक्यावर घेतला. चौदा महिने तो छाती काढून हिंडला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. एका बांधकाम कंपनीला ती टेकडी हवी होती. त्यांनी बुलडोझर आणून बघितला, कोर्टात जाऊन बघितलं. दर वेळी साखळी आडवी आली. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की आता तीनशे चौऱ्याऐंशी घरं तीन अंगठ्यांत मावतात, आणि ते अंगठे एकाच गल्लीत सापडतात. मुकादम तीस माणसं घेऊन आला. गल्लीची दोन तोंडं बंद केली आणि आवाज न करता एकेक दार उघडत गेला. नर्स कामावर होती. ट्रक ड्रायव्हर मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला. उरले तिघंच, पण त्यांना हवेही तिघंच होते. गल्ली पुरी करायला त्यांना पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

"तू शहाणा दिसतोस," मुकादम म्हणाला. हा बुटका, नीटनेटका माणूस, शर्ट इस्त्रीचा, बोलणं हळू. "नोंद साक्षीदाराच्याच मशीनवरून टाकावी लागते, त्याच्याच पासवर्डने. ती तू टाकायची. सगळी घरं, नवा मालक कंपनी. मग तिघांचे अंगठे, आणि आम्ही चाललो."

"नाही टाकली तर?"

मुकादमाने मान हलवली. एका माणसाने वायरमनचा डावा हात टेबलावर दाबला आणि दुसऱ्याने त्यावर हातोडा घातला. हातोडाही त्याच्याच दुकानातला. एकदा घातला, मग पुन्हा घातला. मनगटाच्या खाली नुसता लगदा झाला आणि एक पांढरं टोक वर आलं. वायरमन ओरडला ते तोंडावर दाबलेल्या हाताखालीच जिरलं. त्याला ओकारी आली, ती त्याच्या मांडीवर पडली.

"उजवा टाइप करायला ठेवलाय," मुकादम म्हणाला. "तो गेला तर मला पायाच्या बोटांपासून विचार करावा लागेल."

वायरमन घाबरला होता का? घाबरला होता. चड्डी ओली झाली होती. पण त्याहून जास्त त्याला लाज वाटत होती, आणि लाजेने त्याचं डोकं विलक्षण चालायला लागलं. घरं गेली तर उद्या सकाळी बुलडोझर येणार. साखळीवर चढलेलं खोडता येत नाही, हे त्यानेच शंभर वेळा लोकांना बजावलं होतं. तीन अंगठ्यांत सगळं होतं. सगळं म्हणजे सगळंच. घरांचे मालकच बदलतात असं थोडंच आहे? साक्षीदारांची यादीही बदलते. तशीच तर ती एकसष्टांची पाचांची झाली होती.

त्याने उजवा हात मागितला. त्यांनी सोडला.

मुकादमाबरोबर कंपनीचा एक कॉम्प्युटरवाला होता, किडकिडीत, पाठीला बॅग. तपासायला आणलेला. बेकरीवाल्याचं पहिलं बोट मोडलं तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. वायरमन एका हाताने टाइप करत राहिला. तीनशे चौऱ्याऐंशी घरांचे मोबाईल आणि अंगठे साखळीत आधीपासून होतेच. घर नावावर करताना प्रत्येकाने दिलेले. त्याने ती सगळी यादी उचलली आणि साक्षीदारांच्या रकान्यात ओतली. जुने साक्षीदार पाच, लागणारे अंगठे तीन. नवे साक्षीदार तीनशे चौऱ्याऐंशी, लागणारे अंगठे दोनशे छप्पन. नव्यांना मशीन नको, मोबाईलवरचा अंगठा चालेल, असंही त्यातच घातलं.

"बघ रे," मुकादमाने कॉम्प्युटरवाल्याला ढकललं.

तो पडद्यावर वाकला. वाचलं त्याने, नक्की वाचलं. नजर त्या आकड्यांवर थांबली, मग टेबलावरच्या हातावर गेली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "अंगठे घ्या."

दोघांच्या घरांतून आणून जोडलेल्या मशीनांवर बेकरीवाल्याचा घेतला, शिंपीणबाईचा घेतला, वायरमनने स्वतःचा दिला. दोन सेकंद लागले. नोंद चढली. उतारावर घराघरात मोबाईल वाजले, आणि खोलीत शिंपीणबाईच्या पदराच्या गाठीतला मोबाईलही वाजला. मुकादमाने त्याच्या साहेबाला फोन लावून "झालं" म्हणून कळवलं. वायरमनला पाणीसुद्धा पाजलं.

चार मिनिटांनी साहेबाचा उलट फोन आला. मुकादमाने तो शेवटपर्यंत ऐकला, मोबाईल खिशात ठेवला, हातोडा उचलला आणि कॉम्प्युटरवाल्याच्या तोंडावर मारला. तो दारापर्यंत पोचला होता. तिथेच कोसळला, दात उंबऱ्यावर सांडले.

वायरमनला हसू फुटलं. हात जळत होता आणि तो हसत होता. त्या हसण्यात चौदा महिन्यांचा सगळा माज परत आला. "मार की. आता मला मारून काय उपयोग? माझा एक अंगठा. दोनशे छप्पन आणा. जा, जमवा."

मुकादम चिडला नाही. जराही नाही. त्याने घड्याळात बघितलं.

"दोनशे छप्पन," तो म्हणाला. "बाप्ये कामावर गेलेत. घरात म्हातारे आणि बायका. चार तास लागतील." आणि दाराबाहेरच्या माणसांना म्हणाला, "वरच्या टोकापासून सुरू करा. जो पहिला नमेल त्याच्याच मोबाईलवरून कंपनीची नोंद टाकून घ्या."

तेव्हा वायरमनचं हसू विरलं. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, आकडा मोठा केला की दांडकं छोटं पडेल. दांडकी दारोदार फिरतील, हे त्या तारा जोडणाऱ्या डोक्याला सुचलंच नाही.

गल्लीच्या वरच्या टोकाला पहिलं घर भाऊजींचं. पाठ धरली म्हणून तीन दिवस कामावर गेले नव्हते. वायरमनच्या खिडकीतून ते दार सरळ दिसायचं. माणसं पोचण्याआधीच भाऊजी बाहेर आले, मोबाईल खिशात टाकला आणि आपल्यामागे दार ओढून घेतलं. आतून ताईने कडी लावली, कडीचा आवाज इथवर आला. भाऊजींच्या हातात करणी होती, सिमेंट लावायची.

"अंगठा," एकाने म्हटलं.

भाऊजींनी करणी त्याच्या गालात घातली. ती गालातून आत गेली आणि अडकली. मग तिघं सळया घेऊन तुटून पडले. भाऊजींची दुखरी पाठ आधी मोडली. ते खाली पडले ते पालथे, आणि पडता पडता दोन्ही मुठी पोटाखाली घेतल्या, अंगठे मुठींच्या आत. त्यांना उताणं करायला माणसं लाथा घालत होती, बरगड्यांवर सळया मारत होती, केस धरून ओढत होती. भाऊजी वळले नाहीत. मग एकाने डोक्यात सळई घातली. वायरमन खुर्चीसकट खिडकीवर आदळत होता, "देऊन टाका हो, भाऊजी, देऊन टाका" म्हणून ओरडत होता. चौथ्या घावाला कवटी फुटल्याचा आवाज आला. त्यांनी उताणं केलं तेव्हा मुठी सैल पडल्या होत्या आणि अंगठ्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

पुढच्या घरांतून त्यांनी एकोणीस अंगठे मिळवले. एका म्हातारीचा खांदा निखळवून, एका बाळंतिणीचं मूल पाय धरून खिडकीबाहेर लोंबकळत ठेवून. एकोणीसच. कारण ताईने दार उघडलं होतं, आणि तिचा आक्रोश उतारावर शेवटच्या घरापर्यंत गेला. मोबाईलवर काय आलंय ते बहुतेकांना कळलं नव्हतं. पण आता दाराशी कोण येतंय आणि कशासाठी, ते सगळ्यांना कळलं.

गाव करी ते राव न करी म्हणतात. गाव काय काय करतं ते मात्र कुणी सांगत नाही. तिसऱ्या गल्लीत बायकांनी उकळतं पाणी वरून ओतलं, एका माणसाचे डोळे शिजले. गॅसच्या रिकाम्या टाक्या उतारावरून सोडल्या, त्यांनी दोघांचे पाय मोडले. कामावरची माणसं खबर लागून पळत आली, पहारी आणि फावडी घेऊन. मुकादम गल्ली बंद करून आला होता. आता तीच गल्ली त्याला बाहेरून बंद झाली, पळता भुई थोडी झाली. त्याला गटारापाशी गाठला. त्याने आधी हात जोडले, मग कंपनीतल्या सगळ्यांची नावं सांगायला लागला. कुणी ऐकलं नाही. सगळ्यांत पुढे एक शाळामास्तरीण होती, तिच्या हातात पाटा होता. शिंपीणबाईने कात्रीने वायरमनच्या तारा कापल्या आणि तो तिथे पोचला तोवर त्या इस्त्रीच्या शर्टाच्या वर चेहरा म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

वस्तीतली तीन माणसं गेली, त्यांची पाच. घरं राहिली.

चौथ्या दिवशी वायरमन ताईकडे गेला. हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. वाटेत लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते. "काय डोकं चालवलंस रे," म्हणत होते. बेकरीवाला दुकानात बसला होता, बोटं बांधलेली. तो तेवढा मान खाली घालून राहिला. ताईच्या दारासमोरची फरशी कुणीतरी घासून काढली होती. तरी सांध्यांत काळं राहिलं होतं.

ताई भिंतीला टेकून बसली होती. तो समोर बसला.

"मोबाईल वाजला तेव्हा ते पडलेलेच होते," ताई म्हणाली. "वाचलं आणि हसले. म्हणाले, बघ, शेवटी माझं ऐकलं तुझ्या भावाने. एवढे खूश झाले होते. मग खिडकीतून ती माणसं येताना दिसली. मला म्हणाले, कडी लाव."

वायरमन रडायला लागला. ताईने त्याला रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

"मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "त्यांनी तर नाचत म्हटलं असतं. पण तू पाच केलेस तेव्हा सभा घेतलीस, आणि आमच्या हातात दिलंस तेव्हा विचारलं नाहीस."

"वेळ नव्हता, ताई. हातोडा होता समोर."

"ते कळतं मला. मी येडी नाही." ती म्हणाली. "एकच सांग. ती यादी टाकताना आमचं दार आठवलं का तुला? एकदा तरी?"

खोटं बोलता आलं असतं. तिला ते हवंही असेल.

"नाही," तो म्हणाला. "आकडा जमतोय का, तेवढंच बघत होतो."

ताईने मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिली. मग उशाखालचा मोबाईल काढून त्याच्यापुढे धरला. भाऊजींचं नाव काढून घर तिच्या नावावर करायची नोंद होती. ती तिने सकाळीच टाकून ठेवली होती आणि अजून कुणी अंगठा दिला नव्हता. लोक तिसऱ्या गल्लीतल्या दोन मयतांच्या धावपळीत होते.

"पहिला तू दे," ती म्हणाली.

त्याने अंगठा ठेवला. पडद्यावर दोनशे छप्पनपैकी एक असं आलं. दुसरा कधी येईल ते सांगता येत नव्हतं. तिने त्याला जा म्हटलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही, म्हणून तो तिथेच भिंतीला टेकून बसला, आणि दोघं मोबाईलकडे बघत राहिले.